खालच्या केंद्राचे रिकामे तास

३ डिसेंबर

जुळली! एकदाची जुळली. उठून नाचावंसं वाटत होतं, पण समोर घाईसाहेब बसले होते, म्हणून गुपचूप पाणी प्यायले.

काल नवऱ्याने पुन्हा विचारलं, "तू तिथे दिवसभर नक्की करतेस काय?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न संपत नाही. त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. मॉडेल म्हणजे गणित. वारा, थंडी, गाड्यांचा धूर, भट्ट्यांचा धूर, सगळं त्यात घालायचं आणि उद्याच्या हवेत किती धूळ असेल ते काढायचं. आणि शहरभर जमिनीवर उभी केलेली केंद्रं म्हणजे यंत्रं. ती कागदाच्या पट्टीतून हवा ओढतात आणि खरोखर किती धूळ होती ते दर तासाला मोजतात. मॉडेल काय म्हणालं आणि यंत्र काय म्हणालं, हे शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचं, हे माझं काम. नवरा म्हणाला, "म्हणजे चुगलखोरी." म्हटलं, हो, पगारी.

सगळ्यांत मजा म्हणजे खालचं केंद्र. नदीकाठच्या वस्तीतलं, पाण्याच्या टाकीजवळचं. गेल्या हिवाळ्यात ह्या एका केंद्राने नाकी नऊ आणले होते, काही केल्या जमेना. यंदा तिथे नवं यंत्र बसवलं, आणि आज बघते तर सगळ्या शहरात सर्वांत चांगली जुळणी त्याचीच! घाईसाहेब म्हणाले, "उत्तम. आता कशाला हात लावू नका. वीस तारखेला समिती येतेय."

घाईसाहेब म्हणजे आमचे प्रमुख. नाव मीच ठेवलंय. समितीने मंजुरी दिली की शहराच्या सगळ्या सूचना आमच्या मॉडेलवर चालणार. कोणत्या दिवशी शाळांनी मुलांना मैदानात सोडायचं, कोणत्या दिवशी भट्ट्या बंद ठेवायच्या, दम्याच्या लोकांनी कधी घरात बसायचं, सगळं.

बाबांसाठी मात्र सूचना कधीच सुरू झालीय. ते त्याच नदीकाठच्या वस्तीत राहतात, खालच्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांना जुना दमा आहे. मी रोज संध्याकाळी त्यांना उद्याचा रंग पाठवते. हिरवा असेल तर सकाळी फिरायला जा, लाल असेल तर घरात बसा. आज पाठवला हिरवा.

५ डिसेंबर

बाबांनी सकाळी फोन उचलला नाही. दोनदा केला. साडेदहाला केला तेव्हा उचलला.

"काय गं?"

"सकाळी कुठे होतात?"

"फिरायला. हिरवा होता ना."

"फोन घेऊन जात जा की."

"हो."

संपलं! हेच बाबा एकेकाळी माझा कान खाऊन टाकायचे. आयुष्यभर बस चालवली. कोण कुठे चढलं, कोण कुणाशी भांडलं, सगळं रंगवून सांगायचे. आता मोजून मापून शब्द. मला कारण ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मी म्हटलं, वर टेकडीवर आमच्याकडे राहायला या. ते म्हणाले, मला माझं घर आहे. मी जरा आवाज चढवला. तेव्हापासून रुसलेत. रुसू देत. माझ्याही नाकावर राग आहे, तो काय मी बाजारातून आणलाय? त्यांच्याकडूनच आलाय.

७ डिसेंबर, रविवार

बाबांकडे जाऊन आले. जिन्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवलीय. येता-जाता गुडघ्याला लागते. ही इथे कशाला, विचारलं तर म्हणाले, "शेजारच्या काकूंसाठी. त्यांचे पाय दुखतात." काकू बिचाऱ्या तळमजल्यावर राहतात, पण असतील येत वर.

घरात दम्याचे पंप किती! एक ओट्यावर, एक दाराशी, एक कोटाच्या खिशात, एक उशीखाली. मी सगळे गोळा करून ओळीने मांडले आणि झापलं, "हे काय दुकान मांडलंय? मुदत संपून वाया जातील." बाबा नुसते हसले. खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं तर बोट काळं. म्हटलं, पुसायला माणूस लावा, एवढं काय ते.

निघताना काकू दारात भेटल्या. म्हणाल्या, "तुझ्या रंगाची काय वट आहे इथे! बाबा रोज सकाळी सगळ्या म्हाताऱ्यांना हाका मारतात, 'हिरवा आहे, चला! माझी लेक सांगतेय!'" मग जरा थांबून म्हणाल्या, "हल्ली दार मात्र उशिरा उघडतात हं." मी म्हटलं, कानाने कमी ऐकू येत असेल.

खोटं कशाला बोलू, ते रंगाचं ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. लहानपणी बाबा मला मांडीवर घेऊन उभ्या बसचं चाक धरायला द्यायचे आणि समोरच्या तबकड्या दाखवायचे. "आपल्याला काय वाटतं ते विचारायचं नाही. काटा काय सांगतो ते बघायचं. वाटण्यावर गाडी चालवली की माणूस फसतो." तेच बाबा आता माझा काटा बघून घराबाहेर पडतात.

९ डिसेंबर

आज चिकटपट्टीशी वाजलं. चिकटपट्टी म्हणजे आमचा यंत्रं सांभाळणारा. जगातली कुठलीही मोडलेली वस्तू तो चिकटपट्टीने जोडतो, म्हणून हे नाव. त्याला ते आवडतंही.

खालचं केंद्र सकाळी पुन्हा बंद होतं. "पुन्हा?" म्हटलं. "अरे, आठवड्यात कितीदा?"

"मॅडम, ते आपोआप बंद पडतं आणि नऊ-दहाला आपोआप सुरू होतं. नवं यंत्र आहे, हुशार आहे. स्वतःला सांभाळतं."

"हुशार आहे तर वेळेवर कामाला का येत नाही?"

"ते मलाही जमत नाही," म्हणाला आणि दात काढले. मी हात टेकले.

घाईसाहेबांच्या कानावर घातलं. ते मान वर न करता म्हणाले, "रिकामे तास सोडून द्या. जिथे मोजमापच नाही तिथे ताडणार कशाशी?" मुद्दा बरोबर आहे. सगळे असंच करतात. माझ्या आज्ञावलीत ते पहिल्या दिवसापासून आहे: ज्या तासाला यंत्राचा आकडा नाही, तो तास वगळायचा. उरलेल्या तासांत जुळणी झकास आहे. विषय संपला.

११ डिसेंबर

बाबांना तीनदा फोन. शेवटी दहा वाजून गेल्यावर "ठीक आहे" म्हणाले. मी तावातावाने म्हटलं, "ठीक आहे, ठीक आहे काय! दोन वाक्यं बोलायला कुणी पैसे मागतं का?" तर म्हणाले, "तुझी परीक्षा झाली की बोलू." ते समितीला परीक्षा म्हणतात. मी फोन ठेवला. मग उगीचच रडू आलं. हे रडू कशाचं, कळलं नाही. झोप कमी झालीय.

१४ डिसेंबर

वारा पडलाय. झाडाचं पान हलत नाही आणि थंडी हाडात शिरतेय. आमच्या टेकडीवर मात्र आकाश लख्ख. मॉडेल म्हणतं, पूर्ण आठवडा हिरवा. पाठवला. बाबांचं उत्तर आलं, "मिळाला. जातो."

नवरा म्हणाला, "त्यांना घेऊनच ये इकडे." म्हटलं, नको म्हणतात ना. पोत्यात घालून आणू?

१६ डिसेंबर

समितीतल्या एका बाईंचा निरोप आला. "प्रत्येक केंद्राचे रिकामे तास कधीचे आहेत ते एका पानावर दाखवावे." घ्या! चार दिवसांवर आलं आणि ह्यांना आता सुचलं. घाईसाहेब म्हणाले, "इकडेतिकडे विखुरलेत असं एक वाक्य लिहून टाका." मी म्हटलं, लिहिते, पण चित्रही काढते, म्हणजे बाईंचं तोंड बंद. उद्या लवकर येऊन करीन.

१७ डिसेंबर, दुपार

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेय. वही पिशवीत होती. नुसतं बसवत नाही.

सकाळी कार्यालयात कुणीच नव्हतं. खालच्या केंद्राचं चित्र काढलं. आडवे दिवसाचे तास, उभे दिवस. जिथे मोजमाप आहे तिथे रंग, जिथे नाही तिथे पांढरं. पांढऱ्या चौकटी शिंतोड्यांसारख्या इकडेतिकडे पडलेल्या दिसतील अशी माझी खात्री होती. त्या एकाखाली एक रांगेत उभ्या होत्या. सगळ्या पहाटेपासून नऊ-दहापर्यंतच्या. आणि सगळ्या वारा पडलेल्या दिवसांच्या. त्या प्रत्येक सकाळी माझं मॉडेल म्हणत होतं, हिरवा.

तेवढ्यात चिकटपट्टी आला. मी विचारलं, "खालचं यंत्र नेमकं कशामुळे बंद पडतं?"

"आतली कागदाची पट्टी काळी होते ना. तासाच्या आतच एवढी धूळ बसते की हवा ओढली जात नाही. मग ते स्वतःच थांबतं. जुनं यंत्र थांबायचं नाही, म्हणून तर त्याची मोटर जळली."

"म्हणजे हवा फार घाण झाली की ते मोजायचं थांबतं?"

"हो मग! मोटर जळू द्यायची का?" तो अगदी सहज म्हणाला. "आजही बंदच आहे. आत्ता बघून आलो पडद्यावर."

गेल्या वर्षी जुळत नव्हतं, कारण जुनं यंत्र जळेपर्यंत खरं सांगत होतं. यंदा जुळत होतं, कारण वाईट तास आधीच गळून गेले होते आणि मी फक्त चांगल्या तासांशी ताडून स्वतःची पाठ थोपटत होते. आणि मग, देवा, मग मला सकाळचे फोन आठवले. न उचललेले. साडेदहाला "ठीक आहे".

आजचा रंग हिरवा होता. मीच पाठवला होता.

फोन लावला. वाजत राहिला. गेले दोन आठवडे मी ही घंटी ऐकत होते आणि दर वेळी म्हणत होते, रुसलेत! चिकटपट्टीची गाडी खाली उभी होती. मी म्हटलं, "चल. नदीकाठी. काही विचारू नकोस." त्याने विचारलं नाही. मी रस्ताभर फोन लावत होते.

उतार सुरू झाला आणि ऊन संपलं. वर लख्ख आणि खाली सगळं मातकट. पलीकडच्या भट्ट्यांचा धूर सरळ वर जातच नव्हता. थोडा चढायचा आणि झाकण लावल्यासारखा तिथेच आडवा व्हायचा. आता कळतंय. थंड जड हवा त्या खोलगट भागात बसून राहते, आणि माझं मॉडेल उजाडलं की लगेच तिला हाकलून लावतं. डोळे चुरचुरायला लागले. मी ह्या वस्तीत वाढले, पण हिवाळ्यातल्या ह्या वेळेला इथे येऊन किती वर्षं झाली! येते ती रविवारी, दुपारी.

बाबा टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर. काकू पाठ चोळत होत्या, दोन म्हातारे गोंधळून उभे होते. ओठ निळे. हातातला पंप दाबत होते आणि त्यातून काही येत नव्हतं. आणि कोटाच्या खिशात फोन वाजत होता. माझाच.

मला बघून त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला. एक शब्द बाहेर पडला नाही.

दाराशी, ओट्यावर, उशीखाली पंप कशाला, ह्यावरून मी त्यांना झापलं होतं. ती जिन्यातली खुर्ची काकूंसाठी नव्हती.

डॉक्टर आत्ता बाहेर येऊन गेल्या. म्हणाल्या, वेळेवर आणलंत. अजून काही सांगता येत नाही.

१८ डिसेंबर

बाबांनी डोळे उघडले. तोंडावर प्राणवायूचा मास्क आहे. तो बाजूला करून बोलतात, मग पुन्हा लावतात. मी म्हटलं, बोलू नका. ऐकतात होय!

"रोज होत होतं का हे?" विचारलं.

मान हलवली. हो.

"मग सांगितलं का नाही? आणि रोज जात का होतात? कोणी सांगितलं होतं जायला?" आवाज चढला. परिचारिकेने माझ्याकडे पाहिलं.

"हिरवा होता," म्हणाले. मास्क लावला. काढला. "मला वाटलं... हवा तर चांगली आहे. म्हणजे बिघाड... माझ्याच छातीत."

"काटा बघायचा," म्हणाले. "वाटतं... ते नाही."

मला राहवलं नाही. पलंगाच्या कडेला डोकं टेकवून रडले. म्हटलं, "बाबा, काटाच चुकीचा होता हो! तुमची छाती बरोबर सांगत होती. माझा काटा चुकीचा होता."

त्यांना पटलं नसावं. माझ्या बाजूने माझ्याशीच भांडायच्या बेतात होते. मग मास्क काढून एवढंच म्हणाले, "बाकीच्यांना... सांग."

धावत बाहेर आले आणि काकूंना फोन लावला. उद्याही मॉडेलवर हिरवाच आहे. काकू म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस. मी उद्या पहाटे रस्त्यातच खुर्ची टाकून बसते. बघते कोण पुढे जातो ते."

१९ डिसेंबर

घाईसाहेबांना पान दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांना कळलं. तेवढे ते हुशार आहेत, म्हणूनच जास्त राग आला.

"मंजुरी घेऊन टाकू," म्हणाले. "मग दुरुस्त करू. दोन वर्षांचं काम आहे. तुमचे वडील आजारी आहेत, तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"आहेच भावनेच्या भरात. म्हणून पांढऱ्या चौकटी भरून निघतात का?"

"एकाच केंद्राचा प्रश्न आहे."

"त्या केंद्राशेजारी शाळा आहे, साहेब. मंजुरी मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा रंग बघून मास्तर मुलांना मैदानात पळायला लावतील."

"उद्या हे पान दाखवलंत, तर पुढचं मला सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "नका सांगू." आणि बाहेर आले. नोकरी गेली तर काय, हा विचार आला, नाही असं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चुगली करायचाच पगार मिळतो ना तुला? मग कर." त्या क्षणी त्याच्याइतका गोड माणूस जगात नव्हता.

२० डिसेंबर

दाखवलं. जुळणीचा आकडा आधी, पान नंतर. म्हटलं, "हा आकडा खरा नाही. वाईट तास ह्यात नाहीतच. ते यंत्राने मोजले नाहीत आणि मी वगळले."

निरोप पाठवणाऱ्या बाई पान जवळ ओढून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्या पांढऱ्या तासांत हवा कशी होती, काही अंदाज?"

"आकडा नाही," म्हटलं. "माझे वडील तेव्हा तिथे होते. ते रुग्णालयात आहेत."

मंजुरी अडली. जुनं यंत्र मोटर बदलून नव्याच्या शेजारी बसवायचं, हिवाळाभर पुन्हा ताडायचं, तोवर नदीकाठी भट्ट्या पहाटे बंद. घाईसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. चिकटपट्टी म्हणाला, "मॅडम, ह्या वेळी मोटर जळली तर जळू दे." आणि कधी नव्हे तो वेळेवर निघाला.

२४ डिसेंबर

बाबांना घरी आणलं. आमच्या घरी, टेकडीवर. या म्हटलं तर "हो" म्हणाले, वाद घातला नाही. त्यांनी वाद न घातल्याने मी जास्त घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, छातीचं नुकसान पूर्ण भरून येणार नाही, जपायचं. काकूंनी सगळे पंप एका पिशवीत घालून पाठवले. मी स्वतः ते खोलीभर ठेवले. उशीखालीसुद्धा.

२९ डिसेंबर

सकाळी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. खिडकीशी बसले होते, बाहेर बघत. मला बघून पहिला प्रश्न, "आज रंग कोणता?"

फोन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. "तुम्ही सांगा," म्हटलं. "कसं वाटतंय?"

"ठीक आहे," म्हणाले. सवयीने, लगेच.

मी चहा खाली ठेवला आणि पलंगावर बसले. काही बोलले नाही. मला बसता येत नाही गप्प, पण बसले. बाबा माझ्या खिशाकडे बघत होते. मग खिडकीकडे. मग त्यांनी छातीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि एखादी चोरी कबूल करावी तसं हळूच म्हणाले,

"जड वाटतंय गं आज. बरं नाही वाटत."

आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं हे त्यांच्या तोंडून.

टेकडीवर आज मॉडेल हिरवा म्हणत होतं. मी उठून खिडक्या लावल्या, आणि पंप त्यांच्या हातात दिला.